मार्ककृत शुभवर्तमान नवशिक्यांच्या वर्गात: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा. मंडळीत नवा बायबल अभ्यास वर्ग सुरू होतो आहे आणि दहा-बारा जण येतील. बरेचसे लहानपणापासून उपासनेला येणारे आहेत, पण कोणतेही पुस्तक त्यांनी सलग वाचलेले नाही. दोघे-तिघे ख्रिस्ती नाहीत, उत्सुकतेपोटी येणार आहेत. अभ्यासासाठी मार्ककृत शुभवर्तमान ठरले आहे; येशूची कथा सांगणारी नव्या करारातली जी चार शुभवर्तमाने, त्यांतले हे एक. पहिल्या दीड तासात त्याची ओळख करून द्यायची तर लेखक, काळ, पार्श्वभूमी यांना किती वेळ द्यावा आणि आरंभ नेमका कुठून करावा?

माझे उत्तर: पहिल्या दिवशी पार्श्वभूमीला दहा मिनिटे पुरेत, तीही शेवटी. उरलेला सगळा वेळ वाचनाला द्या. मी बरीच वर्षे असे वर्ग घेतो आहे आणि दुसऱ्यांनी घेतलेल्या वर्गांतही बसलो आहे. फळ्यावर ‘लेखक, काळ, स्थळ, वाचक’ असे रकाने पाडून सुरू झालेल्या वर्गात माणसे वही काढून माना खाली घालतात, आणि पुढचे कित्येक आठवडे ती मान वर येत नाही. पुस्तक म्हणजे परीक्षेचा विषय अशी समजूत एकदा झाली की ती पुसायला फार कष्ट पडतात.

शिवाय मार्क स्वतःच प्रस्तावना देत नाही. त्याच्याकडे येशूच्या जन्माची कथा नाही, वंशावळ नाही, मेंढपाळ नाहीत, पूर्वेकडून आलेले मागी (ज्ञानी) लोक नाहीत. नाताळात ऐकलेले सगळे मत्तय आणि लूक यांच्याकडचे. मार्क पहिल्या वचनात सांगून टाकतो की ही देवाचा पुत्र येशू ख्रिस्त याची सुवार्ता आहे, आणि लगेच आपल्याला यार्देन नदीवर नेऊन उभे करतो. तेरा वचनांत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा उपदेश, येशूचा बाप्तिस्मा आणि अरण्यातली परीक्षा संपते. चौदाव्या वचनात योहान तुरुंगात असतो आणि येशू गालीलात. नवा वाचक ‘पण हा आला कुठून?’ म्हणून गोंधळतो. तो गोंधळ तुम्ही मिटवू नका. मार्कला तो हवा आहे.

कसा ते पाहा. येशू कोण आहे हे वाचकाला पहिल्याच वचनात कळलेले असते. कथेतल्या माणसांना मात्र ठाऊक नसते. कफर्णहूमच्या सभास्थानात लोक एकमेकांना विचारतात, हे आहे तरी काय? शास्त्री, म्हणजे नियमशास्त्राचे पंडित, मनात म्हणतात, पापांची क्षमा करणारा हा कोण? वादळ शमल्यावर शिष्य घाबरून म्हणतात, हा आहे तरी कोण, वारा आणि समुद्रदेखील याचे ऐकतात! नासरेथचे गावकरी म्हणतात, हा तो सुतारच ना? अशुद्ध आत्मे त्याला बरोबर ओळखतात, तर त्याच्या घरचे लोक त्याला भान राहिलेले नाही म्हणून धरून न्यायला येतात. सोळापैकी पहिले आठ अध्याय या एकाच प्रश्नावर चालतात. वर्ग घेणाऱ्याने पहिल्या पाच मिनिटांत ख्रिस्ताच्या देवत्वावर छोटे प्रवचन दिले, तर जो प्रश्न मार्क इतक्या निगुतीने उभा करतो तो आधीच संपतो. जन्मापासून मंडळीत वाढलेल्यांच्या बाबतीत हा धोका मोठा आहे. त्यांना उत्तर तोंडपाठ असते, म्हणून प्रश्न ऐकूच येत नाही.

तर पहिल्या दिवशी असे करा. सगळ्यांना बायबल मिटून ठेवायला सांगा. चांगला, स्वच्छ आवाज असलेल्या एका व्यक्तीने पहिला अध्याय पूर्ण मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी फक्त ऐकावे. मार्कने लिहिले तेव्हा बहुतेकांना वाचता येत नव्हते. एक जण वाची आणि जमलेले ऐकत. तेराव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात कथा सांगता सांगता मध्येच ‘वाचणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे’ अशी सूचना येते. असा मोठ्याने वाचणारा तिथे डोळ्यांसमोर उभा राहतो. ऐकून झाल्यावर पुस्तके उघडा आणि तोच अध्याय पुन्हा वाचा, या वेळी प्रत्येकाने थोडा थोडा. मग दोनच प्रश्न विचारा: तुम्हाला काय काय दिसले? आणि कुठे अडखळलात? उत्तरे फळ्यावर लिहा, पण एकाचेही स्पष्टीकरण देऊ नका. कोणी विचारेल, ‘बरे झालेल्या कुष्ठरोग्याला कोणाला सांगू नकोस असे का म्हटले?’ हा प्रश्न लिहून ठेवा. मार्कभर तो पुन्हा पुन्हा येणार आहे आणि त्याचे उत्तर पंधराव्या अध्यायापर्यंत थांबायला तयार असलेल्यालाच मिळते.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शक्य असेल तर एका रविवारी दुपारी सगळे शुभवर्तमान सलग वाचायचा कार्यक्रम ठेवा. चारांत हे सर्वांत लहान आहे. आळीपाळीने मोठ्याने वाचले तर दीड-दोन तासांत होते. चहासाठी थांबायचे तर आठव्या अध्यायाच्या सव्विसाव्या वचनापाशी थांबा. त्याचे कारण पुढे येईलच. वर्गातल्या प्रत्येकाने आपापली वेगवेगळी आवृत्ती आणली तरी चालेल, पण मोठ्याने वाचायला एकच ठरवा आणि ती बोलण्याच्या मराठीजवळची असू द्या. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले, ते साध्यासुध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून. ही काळजी आपल्याही वर्गात हवी. ‘नीतिमान ठरणे’, ‘प्रायश्चित्त’ असे शब्द जुन्या ख्रिस्ती घरांत सहज वापरले जातात. नव्या माणसाला ते बंद दारासारखे वाटतात. तसा शब्द आलाच तर तिथल्या तिथे साध्या बोलीत सांगून पुढे जा.

आता त्या दहा मिनिटांबद्दल. त्यात नकाशा काढा, बाकी काही नको. फळ्यावर वर एक गोल म्हणजे गालीलाचे सरोवर, तिथून खाली एक रेघ म्हणजे यार्देन, आणि रेघेच्या खालच्या टोकाजवळ डावीकडे यरुशलेम. मार्कची मांडणी या चित्रावर बसते. पहिला भाग सरोवराच्या भोवती, मधला भाग वाटेवर, शेवटचा यरुशलेमात. मराठी बायबलात ‘गालील समुद्र’ वाचून आपल्या लोकांच्या, विशेषतः मुंबई-कोकणातल्यांच्या, डोळ्यांसमोर अरबी समुद्र येतो. ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे, सुमारे २१ किलोमीटर लांब, रुंदीला त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त. ते समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरहून अधिक खोल आहे आणि भोवती डोंगर, त्यामुळे वारा अचानक खाली उतरतो आणि शांत पाण्यावर वादळ उठते. १९८६ साली पाणी आटले तेव्हा याच सरोवराच्या काठच्या चिखलात पहिल्या शतकाच्या सुमाराची एक होडी सापडली, सुमारे ८ मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद. चौथ्या अध्यायातल्या वादळाच्या वेळी वर्गाच्या फरशीवर खडूने एवढा आकार आखा आणि सगळ्यांना त्यात बसायला सांगा. मग ती गोष्ट वाचा.

लेखकाचा प्रश्न कोणीतरी विचारेलच, आणि विचारल्यावर सांगावे. पुस्तकात लेखकाचे नाव कुठेही नाही. ‘मार्ककृत’ हा मथळा आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभी हिएरापोलिसचा बिशप पापियास याने लिहिले की मार्क हा येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याचा दुभाषी होता आणि पेत्राकडून ऐकलेले त्याने नीट, पण क्रमवार नव्हे, असे लिहून ठेवले. हे पापियासचे म्हणणे आपल्याला चौथ्या शतकातल्या युसेबियसच्या इतिहासातून मिळते. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात भेटणारा, पौल आणि बर्णबा यांच्यात ज्याच्यावरून फूट पडली तो योहान मार्क हाच, असे मंडळीची परंपरा मानते. काही अभ्यासकांना ही ओळख पटते, काहींना नाही. काळ साधारण इ.स. ६५ ते ७५ मानतात. इ.स. ६४ मध्ये रोम जळाल्यावर सम्राट नीरोने ख्रिस्ती लोकांचा केलेला छळ आणि इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने पाडलेले यरुशलेमचे मंदिर, या दोन घटनांच्या सावलीत हे पुस्तक आले. एवढे बास. मत्तय आणि लूक यांनी मार्कचा आधार घेतला असे आज बहुतेक अभ्यासक मानतात, हे कोणाला ठाऊक असेल तर त्याला बोलू द्या, पण त्यावर वर्ग वाहून जाऊ देऊ नका.

बाकीची पार्श्वभूमी मजकूर मागेल तेव्हा द्या. दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघाती माणसाला छप्पर उकरून खाली सोडतात. शहरी माणसाला वाटते, म्हणजे स्लॅब फोडला की काय? सोलापूर, मराठवाडा, नगरकडच्या कोणाला तरी माळवदाचे घर कसे असते ते सांगायला लावा: लाकडी तुळया, त्यावर फांद्या-किलच्या, त्यावर माती. कफर्णहूमची घरेही साधारण तशीच होती, वर जायला बाहेरून पायऱ्या असत. हे कळले की घरधन्याच्या डोक्यावर पडणारी मातीही दिसू लागते, आणि त्या चौघांचा हट्टही. सहाव्या अध्यायात शिष्य म्हणतात, दोनशे दिनारांच्या भाकरी आणायच्या काय? दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. चौदाव्या अध्यायात बेथानीची स्त्री तीनशे दिनारांचे सुगंधी तेल ओतते. हिशेब वर्गालाच करू द्या: वर्षभराची मजुरी, एका क्षणात.

शब्बाथाचा, म्हणजे यहुद्यांच्या शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाचा, वाद येईल तेव्हा महाराष्ट्रात आपल्याला एक मोठी मदत आहे. कोकणातले बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मराठी बोलणारे, आपल्याच गावांतले यहुदी शेकडो वर्षे शब्बाथ पाळत आले आहेत. हे सांगितले की परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी गट) म्हणजे नाटकातले खलपात्र ही समजूत ढिली होते. या बाबतीत माझे मत ठाम आहे: नवशिक्यांच्या वर्गात यहुद्यांविषयी तुच्छतेचा एकही शब्द खपवून घेऊ नका. येशू यहुदी, शिष्य यहुदी, वाद घरातला. आणि मार्क स्वतः सभास्थानाचा अधिकारी याईर दाखवतो, ‘तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस’ असे येशूने ज्याला म्हटले तो शास्त्री दाखवतो, आणि न्यायसभेचा सदस्य असून रोमी सुभेदार पिलाताकडे धैर्याने येशूचा देह मागायला जाणारा अरिमथाईचा योसेफ दाखवतो.

मार्कची एक खास लकब मात्र जरूर शिकवा, कारण ती कळली की माणूस स्वतःहून वाचू लागतो. तो एक गोष्ट सुरू करतो, मध्येच थांबवतो, दुसरी सांगतो आणि मग पहिली पुरी करतो. अंजिराचे झाड आणि मंदिर तसेच आहे. पेत्राचा नकार आणि येशूची चौकशी तशीच. पण शिकवायला सर्वांत चांगला नमुना पाचव्या अध्यायाचा. याईराची मुलगी मरणाच्या दारात आहे, येशू त्याच्याबरोबर निघतो, आणि गर्दीत बारा वर्षे रक्तस्राव होत असलेली एक बाई मागून त्याच्या वस्त्राला शिवते. ती बरी झाली. आता पुढे जायला काय हरकत होती? येशू थांबतो. मला कोण शिवले म्हणून विचारतो, ती कापत पुढे येईपर्यंत थांबतो, तिचे सगळे ऐकून घेतो. तेवढ्यात निरोप येतो: मुलगी गेली. इथे वाचन थांबवा आणि वर्गाला विचारा, याईराच्या मनात या क्षणी काय चालले असेल? मी हा प्रश्न विचारल्यावर दवाखान्याच्या रांगेत उभे राहिलेले बाप फार वेळ गप्प बसत नाहीत.

मग तपशील शोधायला लावा. ती बाई बारा वर्षे आजारी, मुलगी बारा वर्षांची. याईराला नाव आहे, हुद्दा आहे. बाईला नावही नाही, होते ते सगळे वैद्यांवर खर्च झाले. याईर आपल्या मुलीसाठी आला आहे आणि येशू या अनोळखी बाईला ‘मुली’ म्हणतो. हा धागा वर्गातल्या कोणाला सापडला की चेहरा बघण्यासारखा होतो. तुम्ही आधी सांगून तो आनंद हिरावू नका. विटाळाबद्दल बोलायचे तर लेवीय पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात असा स्राव असलेल्या स्त्रीला आणि तिने शिवलेल्या वस्तूंना अशुद्ध म्हटले आहे. मार्क इथे ते उघड बोलून दाखवत नाही, म्हणून तुम्हीही फार ताणू नका. पण आपल्याकडच्या किती बायांनी ‘शिवू नको’, ‘बाजूला बस’ हे ऐकलेले आहे! त्यांच्यापैकी कोणाला बोलावेसे वाटले तर बोलू द्या. कोणत्याही टीकाग्रंथापेक्षा ते मोलाचे असते.

आठव्या अध्यायाच्या सव्विसाव्या वचनापाशी थांबायला मी सांगितले, ते मधल्या भागासाठी. तिथे बेथसैदाचा आंधळा दोन टप्प्यांत बरा होतो. पहिल्यांदा त्याला माणसे झाडांसारखी चालताना दिसतात, दुसऱ्यांदा स्पष्ट. लगेच पुढे, सरोवराच्या उत्तरेला हेर्मोन डोंगराच्या पायथ्याशी, फिलिप्पाच्या कैसरीयाच्या वाटेवर, येशू शिष्यांना विचारतो: मी कोण आहे असे तुम्ही म्हणता? पेत्र म्हणतो, तुम्ही ख्रिस्त. बरोबर उत्तर! आणि दोन-तीन वचनांतच, येशू दुःख भोगण्याविषयी बोलतो म्हणून तोच पेत्र त्याला दटावू लागतो. त्याला दिसते आहे, पण अजून झाडांसारखे. येशू आपल्या मरणाविषयी तीनदा सांगतो आणि तिन्ही वेळा शिष्यांचे भलतेच चाललेले असते: एकदा पेत्राचे दटावणे, एकदा मोठा कोण यावर वाद, एकदा याकोब आणि योहान यांचे उजव्या-डाव्या जागेचे मागणे. या भागाच्या शेवटी, यरीहोबाहेर, पुन्हा एक आंधळा, बार्तीमय. मी तुझ्यासाठी काय करावे, हा जो प्रश्न येशूने याकोब-योहानांना विचारला तोच बार्तीमयाला विचारतो. दोघांनी जागा मागितली होती, हा दृष्टी मागतो आणि मिळताच वाटेने त्याच्या मागे चालू लागतो. अध्याय आठ ते दहा नवशिक्यांसाठी कठीण आहेत म्हणून अनेक जण पटापट उरकतात. मी उलट सांगेन: मंडळीत वाढलेल्यांना मार्कचा खरा झटका इथे बसतो, कारण शिष्यांच्या जागी त्यांना आपण दिसतो. चार आठवडे तरी द्या.

अवघड प्रश्नांना घाबरू नका, पण सगळ्यांना सारखा वेळही देऊ नका. चमत्कार झाले की नाही यावर वाद घातल्याने काही हाती लागत नाही; मार्क ही गोष्ट कशासाठी सांगतो आहे, हे विचारा. सातव्या अध्यायात यहुदी नसलेल्या सूर-फुनीकी स्त्रीला येशूने दिलेले उत्तर, मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना टाकणे बरे नाही, कडक आहे. ते गोड करून सांगू नका. ती बाई त्याच उपमेला धरून जे म्हणते ते ऐका, आणि तिच्या बोलण्यामुळे काय घडले ते पाहा.

‘कोणाला सांगू नका’ याचे काय, हे फळ्यावर लिहिलेले राहिले आहे. तीन शिष्यांसमोर ज्या डोंगरावर येशूचे रूप तेजस्वी झाले त्या रूपांतराच्या डोंगरावरून उतरताना येशू म्हणतो, मेलेल्यांतून उठेपर्यंत सांगू नका. म्हणजे क्रूसाच्या आधी दिलेले उत्तर अपुरे असणार. आणि सबंध पुस्तकात येशूला देवाचा पुत्र म्हणणारा पहिला माणूस म्हणजे त्याला क्रूसावर प्राण सोडताना बघणारा रोमी शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांचा नायक. पहिल्या अध्यायात बाप्तिस्म्याच्या वेळी आकाश फाटले होते. इथे मंदिराचा पडदा फाटतो. ही दोन वाचने शेजारी ठेवून वाचा आणि वर्गाला बोलू द्या.

सोळाव्या अध्यायात वादाचा मुद्दा येईल, तो लपवू नका. चौथ्या शतकातली दोन महत्त्वाची हस्तलिखिते, व्हॅटिकनस आणि सिनायटिकस, आठव्या वचनाशी संपतात: स्त्रिया भिऊन कबरेपासून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. नऊ ते वीस ही वचने नंतर जोडली असावीत, असे बहुतेक अभ्यासक म्हणतात. तरीही ती जुनी आहेत. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात आयरेनियस त्यांतले एक वचन मार्कचे म्हणून देतो. माझी पद्धत अशी: एका आठवड्यात आठव्या वचनापर्यंत वाचून वर्ग सोडायचा, पुढच्या आठवड्यात उरलेली वचने आरंभीच्या मंडळीची साक्ष म्हणून वाचायची. कबरेतला तरुण स्त्रियांना सांगतो की येशू तुमच्या आधी गालीलात जात आहे. गालीलात, म्हणजे पहिल्या अध्यायात. तेव्हा तिकडे परत जाऊन पुन्हा वाचायला सांगा.

ख्रिस्ती नसलेल्या पाहुण्यांविषयी एक गोष्ट सुरुवातीलाच सर्वांसमोर बोला: इथे कोणाला मोठ्याने प्रार्थना करायला, साक्ष द्यायला किंवा काही कबूल करायला सांगितले जाणार नाही. वाचायचे, विचारायचे, ऐकायचे. हे शब्द मग पाळा. चांगले प्रश्न बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच येतात, आणि जुन्यांनाही त्यामुळे विचारायचा धीर होतो.

पहिल्या दिवशी घरी जाताना एकच काम द्या: दुसरा अध्याय आणि तिसऱ्या अध्यायाची पहिली सहा वचने, शक्यतो घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायची. पाच वाद आहेत. प्रत्येकात कोण कोणाला काय विचारते ते एका ओळीत लिहून आणायचे.